वाहेदभाईच्या हातातलं प्यादं

साखरखेर्ड्यात मोडक्या खुर्चीले दोनच जागा होत्या. एक उकिरडा, अन् दुसरी वाहेदभाईचा ओटा. वेताची बैठक फाटली का लोक खुर्ची त्या ओट्यावर आणून टाकत, अन् चार दिवसांनी नव्यासारखी घेऊन जात. तहसीलीतल्या खुर्च्या, शाळेतल्या खुर्च्या, दवाखान्यातल्या खुर्च्या, सगळ्या साहेबायची बूड टेकायची जागा वाहेदभाईनं विणलेली. अन् विणणारा माणूस दोन्ही डोळ्यानं आंधळा.

चार वर्साचा असताना गोवर निघाला, त्यात गेले डोळे. त्याची माय अजीजुन्निसाबी सांगते, "तीन दिवस पोट्टं तापानं फणफणलं. चौथ्या दिवशी ताप गेला, अन् जाता जाता दिवे घेऊन गेला." घरात त्यायची बोली दखनी आहे, पण मी आपल्या बोलीत सांगतो. माझं सायकलचं दुकान त्याच्या ओट्याच्या समोर. वीस वर्सं झाले, त्या घरातलं भांडण मले पहिले ऐकू येते अन् मग घरच्यायले.

सातव्या वर्सी त्याले अंधशाळेत टाकलं. तिथून तो दोन कामं शिकून आला. एक वेतकाम, दुसरं बुद्धिबळ. पहिल्यानं घर चाललं. दुसऱ्याच्या नावानं बुढी माय बोटं मोडे. तिचं म्हणणं, शतरंज खेळणाराच्या चुलीवर भांडं चढत नाही. पण पोट्टं दिवसभर वेत ओढून थकलं का पटावर हात ठेवून बसे, अन् त्याच्या तोंडावर जे येई ते पाहून ती बी मग गप होई.

वेतकाम कसं असते ते सांगतलं पाहिजे. खुर्चीच्या चौकटीले चारी बाजूनं भोकं असतात. वेताची पट्टी एका भोकातून काढायची, ताणायची, समोरच्या भोकात घालायची, अन् ती सुटू नये म्हणून भोकात लाकडाची खुंटी दाबायची. पुढची पट्टी ओवली का मागची खुंटी अर्धी उपसायची, ताण पाहायचा, परत दाबायची. डोळस कारागीर नजरेनं ताण पाहते. वाहेदभाई खुंटीनं पाहे. त्याच्या डाव्या हाताले हे काम इतकं बसलं होतं का तो चहा पीत असो नाहीतर बायकोच्या, राबियाभाभीच्या, शिव्या खात असो, अंगठा अन् बोट हवेतली खुंटी उपसतच राहे.

अन् आंधळ्याचा बुद्धिबळाचा पट बी तसाच असते. दर घराले भोक, दर मोहऱ्याच्या बुडाले खुंटी. काळी घरं जराशी उंच. खेळणाऱ्या दोघायचे दोन पट. आपली चाल तोंडानं बोलायची, समोरच्यानं ती परत बोलायची अन् आपल्या पटावर लावून घ्यायची. हातानं चाचपायची मोकळीक आहे, आंधळ्याले तेवढी द्याच लागते. पण मोहरं भोकातून पुरं वर आलं, का ते चाललंच पाहिजे. मग रडा का बोंबला.

उभ्या रांगायले नावं असतात, अॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी. जगभर तीच. वाहेदभाई ओट्यावर बसून डाव घोकून राह्यला, तं राबियाभाभी आतून विचारे, "ही बेला कोन हाये? सकाळपासून तीन खेप नाव झालं."

"तिच्या घरात माहा उंट उभा हाये."

"उंट बांधायले तिचंच घर भेटलं का तुमाले?"

अशा घरात राहून तो माणूस जिल्ह्यात पहिला आला, राज्यात दुसरा आला, अन् वयाच्या छत्तिसाव्या वर्सी देशाच्या चार जणायच्या चमूत निवडला गेला. आंधळ्या खेळाडूयची देशादेशायची सांघिक स्पर्धा होती, तिकडं काळ्या समुद्राच्या काठाले. चौघातला आणखी एक आपल्याच जिल्ह्याचा निघाला. अमडापूरचा अविनाश. तो बी आंधळा, पण जन्माचा, बाजारात कंगवे, अगरबत्त्या, नाडे विकणारा. दोघं अंधशाळेत एका बाकावर बसलेले. चमूचे मार्गदर्शक धवल सर पुण्याचे. ते म्हणे या दोघायचं बोलणं ऐकून विचारत, "तुम्ही भांडताय की गप्पा मारताय?"

धवल सरांनी सगळ्यायले एक गोष्ट सांगून ठेवली होती. पहिल्या तीनात आलो तर पदक. पदक आलं तर सरकारी नोकरीचा अर्ज करता येते, अन् आंधळ्या खेळाडूचा अर्ज सहसा मांगं फिरत नाही. चौथा नंबर आला तर प्रमाणपत्र, अन् जा घरी.

वाहेदभाईले ती नोकरी पाहिजे होती. तहसीलीत स्टीलच्या खुर्च्या आल्या होत्या, शाळेत प्लास्टिकच्या. ओट्यावर आता महिन्यात एखादी खुर्ची येई, ती बी एखाद्या बुढ्याची, बापाची आठवण म्हणून ठेवलेली. तो मले म्हणे, "जनमभर दुसऱ्यायच्या बुडाखाली विणलं. एकडाव आपलं बूड टेकून पाहायचं हाये, दुसरं काही नाही." अविनाशले त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे होती. त्याची वयाची अट पुढच्या सालात संपत होती. वाहेदभाईले अजून एखादा मोका भेटला असता, अविनाशले नाही.

शेवटचा सामना पोलंडसोबत होता. तो आम्ही इथून पाह्यला. लक्ष्मीकांत गुरुजींच्या फोनवर डाव दिसे. गुरुजी रिटायर्ड मास्तर, गावात बुद्धिबळ समजणारा तो एकच डोळस माणूस. माझ्या दुकानात वीस-पंचवीस जण जमले. राबियाभाभी पदर दाताखाली धरून पलीकडं दारात उभी.

आपला पहिला खेळाडू हारला. दुसऱ्यानं बरोबरी केली. अविनाश जिंकला. राह्यला वाहेदभाई. त्याच्यासमोर पोलंडचा एक पट्टीचा खेळाडू होता, पंधरा वर्सं देशाकडून खेळलेला. वाहेदभाई जिंकला तर आपला तिसरा नंबर पक्का. बरोबरी झाली तर चौथा.

गुरुजी म्हणे, "जिंकून राह्यला! हत्ती अन् दोन प्यादी याची, हत्ती अन् एक त्याची. हत्ती बाजूच्या रांगेत घेतला का त्याचा राजा कोंडला. खलास."

"मंग घेत काऊन नाही?"

"विचार करून राह्यला."

"इथं काय विचार करते? खुर्ची विणताना तर करत नाही."

लोक हासले. तेवढ्यात फोनवर चाल आली. गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. हत्ती तिथंच होता. कडेचं प्यादं एक घर पुढं गेलं होतं.

"अरे, हे काय केलं यानं?"

तिसऱ्या चालीत ते प्यादं गेलं. मग दोन्हीकडची उरलेली बी गेली. दोघायजवळ एकएक हत्ती राह्यला, अन् डाव बरोबरीत सुटला.

"जिंकला का हारला?" राबियाभाभीनं दारातून विचारलं.

"बरोबरी झाली, बाई," गुरुजी म्हणाले.

"म्हंजे काय भेटलं?"

गुरुजींनी फोन खिशात टाकला. गर्दी पांगली. एक जण जाता जाता म्हणाला, "एवढ्या लांब विमानानं जाऊन बरोबरीच करायची होती, तर इथं बसून केली असती."

दोन दिवसांनी बातमी आली अन् सगळं उलटं झालं. धवल सरांनी कोण्या पेपरवाल्याले सांगतलं होतं. वाहेदभाईचा पट प्रवासात तडकला, म्हणून स्पर्धावाल्यायनं आपला पट दिला होता. त्याची भोकं उथळ. विचार करता करता वाहेदभाईचा डावा हात सवयीनं कडेच्या प्याद्यावर गेला. अर्धी खुंटी उपसायची म्हणून उपसली, ते प्यादं पुरं हातात आलं. समोरचा आंधळा, त्याले कळायचं कारण नाही. पंच दुसऱ्या टेबलावर. धवल सर प्रेक्षकायच्या दोरीच्या मागं, त्यायले पाठ दिसत होती, हात नाही. कोणी म्हणजे कोणीच पाह्यलं नाही. अन् वाहेदभाईनं स्वतः होऊन हात वर केला, पंचाले बोलावलं, अन् आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगतलं का प्यादं माह्या हातानं पुरं वर आलं. मग प्यादंच चालावं लागलं.

पेपरात मथळा आला, 'पदकापेक्षा प्रामाणिकपणा मोठा'. लोणारहून एक जण त्याच्यासोबत फोटो काढायले आला. शाळेनं सत्कार ठरवला. जो माणूस विमानाबद्दल बोलला होता, त्यानंच चौकात बॅनर लावला.

राबियाभाभी तेवढी खूश नव्हती. माझ्या दुकानात हवेचा पंप मागायले आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, आंधळ्यायच्या खेळात आंधळ्यानं आंधळ्याले फसवलं असतं, तर कोणाच्या बापाचं गेलं असतं? त्या पेपरावर मी भाकरी थापू का?" अन् वाहेदभाईचं तर उलटंच. कोणी हात धरून म्हणे, 'मानलं बुवा तुमाले', तर तो हात सोडवून घेई. आम्हाले वाटलं, मोठा माणूस आहे, स्तुती आवडत नसन.

सत्कार दोन महिन्यांनी एका दुपारी शाळेच्या पटांगणात झाला. स्टेजवर प्लास्टिकच्या खुर्च्या. गुरुजींनी भाषण केलं, मग सरपंचबाई अनुपमाताईंनी शाल टाकली. अविनाश अमडापूरहून एसटीनं आला होता. त्याले कोणी बोलायले सांगतलं नव्हतं, पण त्यानं माईक मागून घेतला.

"मी जास्त बोलत नाही," तो म्हणाला. "वाहेदनं त्या दिवशी तोंड उघडलं, तेव्हा माही नोकरी गेली. आता वय बी सरून राह्यलं. माही बायको वंदना पहिल्या दिवशी म्हणे, त्या माणसाचं नाव घरात घेऊ नका. मी तिले सांगतलं, असं बोलू नको. त्याच्या जागी मी असतो तर गप बसलो असतो. मी गप बसलो असतो हे मले माहीत हाये. अन् तो नाही बसला. एवढ्या खऱ्या माणसासोबत मी एका बाकावर बसलो, हेच माहं पदक समजा. आता ती बी मानते. रोज संध्याकाळी दिवा लावला का याचं नाव घेते."

टाळ्या झाल्या. गुरुजींनी डोळे पुसले. मी वाहेदभाईकडं पाह्यलं. तो शाल अंगावर घेऊन मान खाली घालून बसला होता, अन् त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी म्हटलं, ऊन आहे.

कार्यक्रम संपल्यावर अविनाशले घरी जेवायले न्यायचं ठरलं होतं. राबियाभाभीनं सकाळपासून तयारी केली होती. त्याची गाडी सहाची, भरपूर वेळ होता. पण वाहेदभाई म्हणाला, "आधी स्टँडवर चहा पिऊ." म्हणून आम्ही तिघं स्टँडवर गेलो. मी चहा सांगून आलो अन् त्यायच्या बाकड्यामागं उभा राह्यलो. त्या दोघायचं बोलणं सुरू झालं होतं. मी आलो हे त्यायले कळलं नसन. मी बी खाकरलो नाही.

"ते तू जे बोलला ना," वाहेदभाई म्हणाला, "ते तसं नाही हाये."

"काय नाही?"

"मी इमानानं नाही बोललो तिथं."

"चूप बे. लय झाला तुहा मोठेपणा."

"ऐक ना. प्यादं हातात आलं, तेव्हा माह्या मांगं कोणीतरी उभं होतं. बूट वाजत आले अन् थांबले. कॉफीचा वास येत होता. श्वास ऐकू येत होता, इतकं जवळ. मले वाटलं पंच हाये. त्यानं पाह्यलं. आता हा सगळ्यायसमोर बोलन, भारताचा माणूस चोरी करते म्हणन. म्हणून त्याच्या पहिले मीच बोललो."

"मंग? पंचच असन."

"नाही. मी हात वर केला, तेव्हा पार तिकडच्या कोपऱ्यात खुर्ची सरकली. पंच तठून आला. अन् माह्या मांगचा माणूस चालायले लागला. काठी टकटक करत."

अविनाशनं घडी केलेली काठी गुडघ्यावर आडवी धरली.

"आंधळा होता बे. कोण्या दुसऱ्या देशाचा. कॉफी घेऊन आपलं टेबल धुंडत असन."

चहावाला तीन गिलास घेऊन आला. मी त्याच्या हातातून घेतले अन् तसाच धरून उभा राह्यलो. चटके बसत होते.

"आपल्याले असंच असते ना," वाहेदभाई म्हणाला. "लहानपणापासून. दिसत नाही, म्हणून कायम वाटते कोणीतरी पाहून राह्यलं. उघड्यावर मुतायले बसलो तरी वाटते."

"मांगं कोणी नाही, असं तुले समजलं असतं तर?"

"तर प्यादं भोकात घातलं असतं."

"अन् हत्ती चालला असता?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. जिंकलो असतो."

स्टँडवर एक गाडी लागली. कंडक्टर दारातून 'चिखली, चिखली' ओरडत होता. अमडापूरची वाट तिकडूनच. अविनाशनं मान त्या आवाजाकडं केली अन् परत इकडं केली.

"हे मले काऊन सांगतलं?" त्यानं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"तू स्टेजवर बोलला, ते माह्यानं ऐकवलं नाही गेलं."

"तुह्यानं ऐकवलं नाही, म्हणून मी ऐकू?"

"अविनाश..."

"दोन महिने झाले, मी त्या एका गोष्टीवर जेवून राह्यलो. नोकरी गेली, पण खऱ्या माणसाच्या पायी गेली. वंदनाले बी तेच चारलं. पचलं तिले. आता काय सांगू? भेकडाच्या पायी गेली?"

"मी तुह्याशी खोटं बोललो असतो, तर..."

"बोलायचं होतं ना बे!" अविनाश एवढ्या जोरानं ओरडला का चहावाल्यानं वळून पाह्यलं. "जनमभर बोलायचं होतं! तिथं कोणी पाहत नव्हतं तर तोंड उघडलं. इथं बी कोणी पाहत नव्हतं. मी काय तुह्या छातीत हात घालून पाहणार होतो? पेपरवाले गप, गुरुजी गप, सारं गाव टाळ्या वाजवते. अन् तुले एकच माणूस सापडला सांगायले. मी."

तो उठला. काठी उघडली. वाहेदभाईनं त्याच्या खांद्याले हात लावायले हात पुढं केला, तो हवेतच राह्यला, कारण अविनाश तोवर दोन पावलं गेला होता.

"जेवून तं जा," वाहेदभाई म्हणाला. "राबियानं..."

"चिखलीची का हो?" अविनाशनं कंडक्टरले विचारलं, अन् चढला. गाडी निघाली. मी खिडकीत पाह्यलं. तो या बाजूलेच बसला होता, पण तोंड समोर.

मी गिलास खाली ठेवले अन् वाहेदभाईच्या हाताले धरलं. तो दचकला.

"कोण?"

"मी."

"कव्हापासून हाये तू?"

"आत्ताच आलो," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं तोंड केलं. मग म्हणाला, "बरं. चाल."

वाटेत दोघा-तिघायनं 'अभिनंदन वाहेदभाई' म्हटलं. तो मान हालवे. शाल खांद्यावरून घसरली, ती मी उचलून बगलेत मारली.

दारात राबियाभाभी वाट पाहत होती. आत चटई टाकलेली, दोन ताटं मांडलेली. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वरून कांदा. अविनाश मटण खात नाही म्हणून तिनं बेत बदलला होता.

"अविनाशभाऊ?"

"गाडी भेटली त्याले," वाहेदभाई म्हणाला.

"सहाची हाये म्हणत होते ना? आत्ता कुठं सव्वातीन वाजले."

"आधीची भेटली."

"मी वंदनाताईसाठी डबा बांधला होता."

वाहेदभाई मोरीत जाऊन हात धुऊन आला अन् आपल्या ताटापाशी बसला. राबियाभाभीनं माझ्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. तिनं ते अविनाशचं ताट माझ्याकडं सरकवलं.

"बसा भाऊ. शिळं करून काय उपयोग?"

मी बसलो. भाकर मोडली अन् जेवलो. भरीत चांगलं झालं होतं.